बोटाएवढी काकडी

११ डिसेंबर १९९३

तोडणी सुरू! पहिल्याच दिवशी तंटा.

कंपनीचा नियम — काकडी बोटाएवढी झाली की तोडायची. करंगळीएवढी असली तर लयच चांगली. इथं गोदावरीच्या मळीत काकडी हातभर होते. ती होऊ द्यायचीच नाही, हे किशनरावांना पटेना. वीस एकरांचे धनी. बांधावरून ओरडले, "भुजंग, लेकरू हाय रे ते! पाळण्यातून उचलायलास का!"

मी केंद्रप्रमुख. केंद्र म्हणजे पत्र्याचं शेड, वजनकाटा आणि एक खुर्ची. बी.ए. अर्थशास्त्र, नंतर सहा वर्षं बेकार. सोनपेठच्या आसपास इंग्रजी पत्र वाचून उलट टपाली उत्तर देणारा मीच सापडलो, म्हणून नेमणूक. समजावून सांगणं माझंच काम. सांगितलं — परदेशी लोक ही बारकी काकडी आंबट पाण्यात मुरवून बाटलीत भरतात. तिकडं वाकून तोडायला माणूस मिळत नाही. आपल्याकडं आहेत. ज्याला जे त्यातल्या त्यात बरं जमतं ते त्यानं करावं, बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. याला तुलनात्मक लाभ म्हणतात!

किशनराव म्हणाले, "म्हंजे आमाला वाकायला जमतं."

१४ डिसेंबर

सकाळी बोट, संध्याकाळी मनगट! दिवसातून दोनदा तोडावी लागते.

२१ डिसेंबर

सत्यानाश. काल तोडणीवरच्या बायनाबाईच्या लेकीचं लग्न. सगळं गाव मांडवात. मीही. जिलेबी चांगली होती.

आज शेतात पाहतो तर एक काकडी मापात बसेल तर शपथ. ट्रक रिकामा परत गेला. गावभर कोशिंबीर. म्हशीसुद्धा तोंड फिरवायला लागल्या.

मॅनेजरला फोन केला. पुण्याचा माणूस. "लग्न आधी कळवत जा," म्हणाला. आता पत्रिका कंपनीला!

४ जानेवारी १९९४

माप तपासायला कंपनीनं भोकांची पट्टी दिली आहे. प्रत्येक काकडी भोकातून घालून बघायची. बाया वैतागल्या. तानू तेवढी पट्टी घेत नाही. माझी बायको म्हणून लक्ष ठेवून होतो — उगाच कुणी बोलायला नको. तिच्या दोन टोपल्या मीच तपासल्या. एक काकडी चुकली नव्हती. बाकीच्या बायांची एक टोपली होईपर्यंत तिच्या दोन.

"बगा अजून," म्हणाली. "तवर मी तिसरी भरते."

१५ जानेवारी

काल विद्यापीठाचं नाव बदललं. सोळा वर्षं लढा चालला! आई सकाळपासून विहारात. रडते, हसते, परत रडते. वस्तीत सगळ्यांना पेढे. किशनरावांकडं पेढा घेऊन मी स्वतः गेलो. क्षणभर हातात धरून बसले. मग खाल्ला. म्हणाले, "गोड हाय." तेवढंच. तेवढंही पुष्कळ.

माझ्या पदवीवर जुनं नाव. तानू म्हणते, "नवी मागून घ्या. नव्या नावानं तरी नोकरी टिकंल."

२७ जानेवारी

परदेशी साहेब आला! लालबुंद, उंच, शेडच्या पत्र्याला डोकं आपटलं.

किशनरावांनी एक काकडी गुपचूप वेलावर ठेवली होती. हाताएवढी. हार घालून साहेबाच्या हातात दिली. त्यांना वाटलं मान केला. साहेबाला वाटलं माल दाखवला. त्याचा चेहरा उतरला, मॅनेजर माझ्याकडं बघायला लागला. मी किशनरावांकडं. किशनराव अभिमानानं मिशीला पीळ देत होते.

तेवढ्यात साहेबाला तानू दिसली. घड्याळ काढून उभाच राहिला. मला म्हणाला, हिला विचारा, माप कसं ओळखते?

तानू म्हणाली, "बगत न्हाई मी. हाताला कळतं."

मी इंग्रजी केलं — ही बघत नाही. साहेब हळहळला. तानूसमोर हात हलवून पाहिला. आंधळी समजला! तानूनं विचारलं, "याला काय झालं?"

सहा वर्षं गंजलेली इंग्रजी. शी!

८ मार्च

केंद्र बंद.

पत्र इंग्रजीत, म्हणजे गावाला मीच वाचून दाखवायचं. कंपनी श्रीलंकेत जाते. तिथं शेतापासून बंदर दोन तासांवर. इथून मुंबईला पोचेपर्यंत निम्मा माल मऊ पडतो. शेवटी मॅनेजरनं हातानं लिहिलंय — आपण अर्थशास्त्राचे पदवीधर आहात, तुलनात्मक लाभ आपणास सांगायला नको.

बायांनी टोपल्या एकात एक घालून ठेवल्या. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. किशनराव जाताना खांद्यावर हात ठेवून गेले. म्हणाले, "तिकडं बी वाकत्यात म्हन की माणसं."

१६ मार्च

दुसरं पत्र! तीनदा वाचलं.

श्रीलंकेतल्या बायांना तोडणी शिकवायला कंपनीला तानू पाहिजे. चार महिने. विमानानं! मी लगेच कळवलं — दुभाषी म्हणून सोबत येतो. फोनवर मॅनेजर म्हणाला, "इंग्रजी बोलणारे तिथं खूप आहेत हो."

तानूला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच नाही. "आमचं काम ज्यांनी नेलं त्यास्नी मीच शिकवू?"

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे प्रकरण नाही.

१७ मार्च

आईला कळलं. "लंका? बुद्धाचा देस हाय तो! माझी सून जाणार!" किशनराव ओट्यावर होते, म्हणाले, "चांगुणाबाई, रावनाची लंका ती." दोघांचं तासभर जुंपलं. तानू धान्य निवडत ऐकत होती. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, "जाते. त्या बाया कशा हायत ते तरी बगून येते."

२२ एप्रिल

तानूच्या, अन् आशेनं मीही मागितलेल्या पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार आला.

"कुठं जायचं?"

"श्रीलंकेला."

"काय कामाला?"

"काकड्या तोडायला."

पेन थांबलं. "इथल्या सरल्या का?"

मी बी.ए. असल्याचं सांगून पाहिलं. त्यानं तेही लिहून घेतलं.

३ जून

परभणी स्टेशन. मुंबईपर्यंत मॅनेजरचा माणूस सोबत. तानूनं ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी अन् दोन लुगडी घेतली. गाडी सुटताना म्हणाली, "पीठ डब्यात हाय. पानी बेतानं घाला."

डोळ्यात कचरा गेला, असं आईला सांगितलं. आई म्हणाली, "माझ्या बी गेला."

१० जून

भाकरी आज गोल आली. म्हणजे एका बाजूनं.

२९ जून

तानूचं पत्र, सात ओळी. तिथल्या बाया चांगल्या आहेत. भाषा कळत नाही. भर उन्हात दुपारचीही तोडणी करायला लावतात, पाणी लांब आहे. एकीला चक्कर आली. तानूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

माझी चौकशी नाही. भाकरीची आहे.

१९ जुलै

मॅनेजरचं तातडीचं पत्र. श्रीलंकेत तीन दिवसांपासून तोडणी बंद. आमची तानू भर दुपारी झाडाखाली जाऊन बसली. तिला बघून दुसरी बसली, मग तिसरी, मग एकशे चाळीस. बोलून पाहावं तर मराठी कुणालाच येत नाही. कंपनी विचारते, दुभाषी म्हणून मी ताबडतोब येऊ शकतो का?

कंपनीला कळवलं — येतो.

तानूला कळवलं — मी पोचेपर्यंत उठू नको.