धुक्यात गात चालावं

पोरी,

मी खालच्या वस्तीत कीर्तनाला चालले आहे. रात्री धुकं चढल्यावर रस्ता दिसत नाही, म्हणून उद्या सकाळीच परतेन.

झाडताना कॉटखाली तुझी भरलेली बॅग दिसली. विचारणार नाही. पण कॉलेजवाले माहितीपत्रकात 'आल्हाददायक हवा' एवढंच छापतात. इथे महिनाभर सूर्य तोंड दाखवत नाही, आणि नव्या पोरांना वाटतं, आपल्यालाच काहीतरी झालंय.

टक्कर होऊ नये म्हणून इथली माणसं धुक्यात मोठ्याने गात चालतात. तूही गा. बेसूर असलं तरी चालेल, माझ्यामुळे देवाला सवय झाली आहे.

उद्या वळणावरून मी सूर लावीन. घरातून ओ दिलीस, तर दोघींचा चहा टाकीन.

तुझी घरमालकीण मावशी