अकरा मिनिटांचा पहिला नंबर

बाबा, त्या पहिल्या नंबराची खरी किंमत किती पडली, ते मी नंतर मोजून काढलं. नाणं एकच लागलं होतं. बाकी अकरा मिनिटं. हा अंदाज नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच खेळाचं जुनं सर्किट माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलं, तेव्हा मी शेजारी घड्याळ ठेवून तो खेळलो. काळं आकाश, खाली आपलं एकटं यान, आणि वरून शत्रूची यानं लाटेसारखी उतरतात. एक लाट मारली की दुसरी, आधीपेक्षा वेगात. नववी लाट संपल्यापासून सतराव्या लाटेपर्यंत आणि वर शेवटी नाव लिहायचा वेळ धरून अकरा मिनिटं होतात. तीनदा मोजलं, थोडं इकडेतिकडे होऊन तेवढंच आलं. मोजायला तिथूनच का सुरुवात केली, ते सांगायला हे लिहितोय.

पण आधी बरं चाललेलं सांगतो, म्हणजे तुम्ही चष्मा पुसून नीट बसाल. इथेच बेहाला भागात, आपली बँकेची क्वार्टर्स होती तिथून चालत दहा मिनिटांवर, माझं वर्कशॉप आहे. चौदा माणसं आहेत. आम्ही तसलीच उभी मशीनं बनवतो: लाकडी खोका, धरायला जाड दांडा, तीन बटणं. आत तळहाताएवढा नवा कॉम्प्युटर, बाहेरून सगळं जुनं. कॅफेवाले घेतात, मॉलवाले घेतात, आयटी कंपन्या जेवणाच्या हॉलमध्ये ठेवायला घेतात. माझ्या वयाची माणसं त्यापुढे उभी राहिली की डोळे ओले करतात आणि त्यांची मुलं विचारतात, हे सुरू कधी होणार. खेळ आमचा स्वतःचा, पण धाटणी तीच, यानांच्या कडासुद्धा मुद्दाम चौकोनी ठेवलेल्या. मशीन चालू केलं की पहिल्या दहा जणांचे स्कोअर दिसतात आणि त्यात सगळ्यात वर माझी तीन अक्षरं असतात, त्या दिवशी केलेल्या आकड्यासकट. गिऱ्हाइकाला मी सांगतो, हा आकडा तीस वर्षांत कुणाला मोडता आलेला नाही. ते ऐकून लोक आणखी दोन मशीनं घेतात.

दुसरं भांडवल म्हणजे माझे कान. कोणत्या मशीनच्या स्पीकरचा कागद फाटलाय, कोणत्या बटणाची स्प्रिंग आठवड्यात जाणार, ते मला रस्त्यावरून कळतं. आमचा सुतार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो की दादांसमोर मनातल्या मनातसुद्धा शिवी देऊ नका. खेळाचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी बजबजहून लोकलनं येते, हुशार आहे, माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं, जुन्या खेळांत दोन लाटांच्या मधे दोन सेकंद सगळे आवाज थांबायचे. आपल्या खेळात संगीत अखंड चालू असतं, हे खोटं वाटतं. माणसाला श्वास घ्यायला जागा द्या, म्हणते. मी म्हणतो, गिऱ्हाईक कंटाळेल. तिला ते पटत नाही आणि खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही.

ट्राम डेपोसमोरचं ते व्हिडिओ गेम पार्लर तुम्ही एकदाच आतून पाहिलंत. मी एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आपटलेला. तुम्ही बँकेतून परस्पर येता, हातात डब्याची पिशवी, आणि माझ्या मागे उभे राहता. मी मान वळवत नाही, पण तुमच्या चपलेचा आवाज मला दारातच कळलेला आहे. तुम्ही ओरडत नाही. बराच वेळ बघता आणि ऑडिटला आलेल्या माणसासारखं विचारता, "हे जिंकलं की काय होतं?"

"जिंकता येत नाही, बाबा. नुसतं फास्ट होत जातं."

"म्हणजे हरेपर्यंत खेळायचं."

एवढंच बोललात. घरी जेवताना आईला त्यातलं काही सांगितलं नाहीत. दोन दिवसांनी चांदनी मार्केटमधून सोल्डरिंग आयर्न आणून माझ्या पुस्तकांवर ठेवलंत आणि म्हणालात, बाहेरून मारत बसण्यापेक्षा एकदा उघडून बघ. लोक मला स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस म्हणतात. मीही म्हणू देतो. सोल्डरिंग आयर्नची गोष्ट मी भाषणात घेत नाही.

त्या पार्लरमध्ये माझा एक रुबाब होता. नंबरात आलं की तीन अक्षरं लिहायची असत. बंगाली पोरांकडे दोनच असायची, नाव आणि आडनाव. तिसऱ्या जागी ती टिंब टाकायची. आपल्याकडे मधे बापाचं नाव असतंच. मी सगळ्यांना ऐकवायचो की हे मशीन बनवणारा आमच्याकडचाच असणार, बरोब्बर तीन घरं ठेवलीत. माझ्या प्रत्येक स्कोअरमध्ये मधलं अक्षर तुमचं होतं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्हाला आवडलं नसतं, किंवा आवडलं असतं आणि तुम्ही तसं दाखवलं नसतं.

शनिवार होता. तुमचा हाफ डे. मी नववी लाट संपवतो, मशीन गप्प होतं, आणि त्या दोन सेकंदांत दारातून हाक येते, "दादा." आपली छोटी, पंधरा वर्षांची. त्या दारातून मुली आत येत नसत, ती उंबऱ्याशी उभी. या गावात दादा सगळेच असतात, त्यामुळे तीन-चार जणांनी वळून पाहिलं. ज्याला हाक होती तो एकटा वळला नाही. "दादा, बाबांना बरं वाटत नाहीये." मग दहावी लाट उतरली.

तीन लाइफ शिल्लक होत्या. इतक्या पुढे मी कधीच आलो नव्हतो. शनिवारी घरी आल्यावर तुम्हाला पित्त व्हायचंच, आई आलं-लिंबू द्यायची, तुम्ही पडून राहायचात. हे सगळं मी विचार करून ठरवलं नाही. हात चालू होते आणि डोकं कारणं पुरवत होतं. अकराव्या लाटेच्या आधी पुन्हा शांतता झाली आणि पुन्हा हाक आली, या वेळी आणखी हळू, कारण ती रडत होती. तीही मी ऐकली. बाराव्या लाटेच्या आधी दारात कुणी नव्हतं. ती शेजाऱ्यांना शोधायला परत पळाली होती. बिल्डिंगमधले पुरुष कामावर, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि तुम्हाला खाली आणायला घरात दोन बायका.

सतराव्या लाटेत मी मेलो. पहिला नंबर आला. मग दांडा वर-खाली करून एकेक अक्षर शोधायचं. त्या अकरा मिनिटांतली शेवटची काही सेकंदं मी तुमचं अक्षर शोधत होतो.

बाहेर आल्यावर पानवाला म्हणाला, बहीण रडत आली होती, दोनदा हाक मारली. मी म्हणालो, आत इतका गोंगाट, ऐकूच आलं नाही. पहिल्यांदा ते मी त्याला सांगितलं, त्याचा-माझा काही संबंध नसताना. मग जिन्यात आईला सांगितलं. तुम्हाला मी आणि टॅक्सीवाल्यानं खुर्चीवर बसवून उतरवलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. दवाखान्यात पडद्यापलीकडे डॉक्टर नर्सला म्हणाले, "आर एकटू आगे आनले..." आणखी थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच, पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. आईला तेव्हा बंगाली येत नव्हतं, छोटी बाहेर बाकावर होती. ते वाक्य आपल्या घरातल्या एकाच माणसानं ऐकलं.

आईला तुमच्या जागी बँकेत घेतलं, म्हणून आपण इथेच राहिलो. ती गेली तेव्हाही तिला एवढंच माहीत होतं की आत गोंगाट होता. छोटी लग्न होऊन पुण्याला गेली, शाळेत शिकवते. बाबा, ती फार मोठ्यानं बोलते. फोनवर, देवळात, हॉटेलात. तिची मुलं म्हणतात, आईच्या घशात लाउडस्पीकर अडकलाय. सगळे हसतात, मीही हसतो. लहानपणी तिला दोनदा विचारल्याशिवाय तिचं म्हणणं कळायचं नाही, हे तिच्या नवऱ्याला माहीत नाही. तो आवाज तिनं कधीपासून वाढवला, ते मला माहीत आहे.

या हिवाळ्यात आम्ही स्वतःचा हॉल उघडला, चाळीस मशीनं एका छताखाली. तिला विमानाचं तिकीट पाठवून बोलावलं. सगळी मशीनं चालू होती, चाळीस ठिकाणी यानं फुटत होती. मी अगदी टोकाला, पाठ दाराकडे, एका खोक्यात डोकं घालून बसलेला. तिची पावलं दारात आली आणि, का कोण जाणे, तिथेच थबकली. माझ्यासारखंच तिलाही ते जुनं दार आठवलं असावं. नेहमीचा आवाज गेला आणि ती पूर्वीसारखं हळू म्हणाली, "दादा." मी लगेच वळलो.

सुतारानं तेवढ्यात कौतुकानं सांगून टाकलं की दीदी, दादांचे कान असेच आहेत, लग्नाच्या बँडमधूनही ऐकतात. छोटी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कळलं हिला. पण ती हिशेब उलटा मांडून मोकळी झाली. म्हणाली, "मग तेव्हा मी फारच हळू हाक मारली असणार रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात पोहे करत होती. मी दारात उभा राहून सांगितलं. कांदा परतताना तिचा हात थांबला नाही; मग तिनं गॅस बंद केला.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

ती कढईकडे बघत होती. मी पानवाल्याचं सांगितलं, डॉक्टरचं वाक्य सांगितलं. रडली नाही. एवढी वर्षं मी तिच्या शिव्यांची तयारी करून बसलो होतो, त्याही आल्या नाहीत. तिनं विचारलं, "किती झाला होता?"

मी आकडा सांगितला.

"नाव लिहिलंस?"

"हो."

"बाबांचं अक्षर मधे?"

"हो."

तिनं गॅस पुन्हा लावला. मंगळवारी परत गेली. फोन करते, पूर्वीसारखाच दर रविवारी. पण आता हळू बोलते. मला फोन कानाला दाबून धरावा लागतो, आणि ती रागावली आहे की सुटली आहे, ते माझ्या या कानांनाही कळत नाही. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. म्हणून तिला लिहायचं ते तुम्हाला लिहितोय. पाठवायचा प्रश्न नाही. क्वार्टर्स पाडली, आता तिथून मेट्रोचे खांब दिसतात.

एक गोष्ट मात्र तिनं विचारली नाही आणि मीही सांगितली नाही. तो आकडा कुठे लिहिलेला आहे, हे तिनं विचारायला हवं होतं. त्या मशीनला लक्षात ठेवायची सोयच नव्हती. वीज गेली की यादी कोरी. मालक रोज नऊला मेन स्विच खाली ओढून शटर लावायचा, त्या दिवशीही त्यानं तेच केलं. आम्ही तेव्हा दवाखान्यातच होतो. आमच्या मशीनवर जो आकडा आहे तो मी आठवणीतून घातला आहे. त्यातले शेवटचे तीन अंक अंदाजाचे आहेत.