मधलं नाव अक्काचं

गुलमंडी, औरंगाबाद
४ डिसेंबर १९६१

ती. सौ. द्वारकाअक्कांना मनकर्णेचे कृ. सा. न. वि. वि.

काल सकाळी आपण ऐकलंत ना? इंदुताई पिशोरकरांचं माहेरच्या वाटेचं गाणं लागलं आणि त्याआधी नावं आली: औरंगाबादहून मनकर्णा, देवगाव रंगारीहून द्वारका आणि बोगद्याच्या कामावरून बद्रीनाथ. मी भाकरी थापत होते. तव्यावरची पार करपली. आईनं नुसतं पाहिलं.

तुमच्या भावाची हुशारी तरी पाहा. साखरपुडा झाला तरी लग्नाआधी मुलामुलीनं एकमेकांना पत्र लिहायचं नाही, असा आमच्या तात्यासाहेबांचा दंडक. वडिलांपुढं कोण बोलणार? मग यांनी रेडिओच्या फर्माइशीचं कार्ड शोधून काढलं आणि आम्हा दोघांच्या नावांच्या मधोमध तुमचं नाव पहाऱ्याला बसवलं. तात्यांना त्यात वावगं काढता येत नाही. बहीण मध्ये आहे, मग काय बिघडलं, असं तेच आईला सांगतात. पोलीस ॲक्शनच्या वर्षी हैदराबाद शरण आल्याची बातमी ज्या रेडिओवर ऐकली, त्याच्यावर आता लेकीचं नाव येतं, याचा त्यांना आतून आनंदच आहे.

मला पाहायला आलात तेव्हा सगळ्यांनी स्वयंपाक, शिवण विचारलं. यांनी एकच विचारलं, पिशोरकरबाईंचं काही येतं का. कन्नड तालुक्याची बाई म्हणून केवढा तो अभिमान! मी तेच गाणं म्हटलं आणि माझं भाग्य उजळलं.

एक विचारायचं होतं. मागच्या निरोपात त्यांनी कळवलं, की बाईंचा आवाज अलीकडे बसलेला वाटतो, तुलाही वाटतो का? मला तर तो पूर्वीपेक्षा मोकळा वाटतो. तिकडच्या रेडिओचे सेल उतरले असतील. बदलायला सांगा.

माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
मनकर्णा

देवगाव रंगारी
१९ डिसेंबर १९६१

चि. मनकर्णेस द्वारकाचे अ. उ. आशीर्वाद.

मी बोलते तशीच लिहिते, हसू नको. चंपाषष्ठीला बद्री दोन दिवस येऊन गेला. तुझा निरोप सांगितला. सेल कशाचे बदलतो, त्यानं रेडिओच नवा घेतला! त्यालाही नावं ठेवतो. रेडिओच्या कापडाला कान लावून बसला नि आवाज एवढा केला, की शेजारच्या जोहराबी विचारत आल्या, घरात कुणी गेलं-बिलं का म्हणून. लई लाजले मी.

भरीत-रोडगे केले होते. मीठ बरोबर पडलं का विचारलं, तर म्हणतो वैशाखातच. आमच्या ह्यांना हसून हसून ठसका लागला. नवरदेवाला दुसरं काही सुचत नाय, असं म्हणाले. मीही हसले.

वाळला आहे. डोंगर फोडायचं काम, रोज सुरुंग उडतात, मग रात्रभर कान भणभणतात म्हणतो. बोगदा चैत्रात आरपार होईल, तोवर ओव्हरशियरला जागा सोडता येत नाही म्हणे. कानात कापूस घालत जा, असं त्याला बजावलं. हसला. बोललेलं कळलं की नुसताच हसला, देव जाणे.

तू काळजी करू नको. आईवडिलांना नमस्कार सांग आणि या अक्कावर जीव असू दे.

तुझी,
द्वारकाअक्का

गुलमंडी, औरंगाबाद
१९ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. द्वारकाअक्कांना कृ. सा. न. वि. वि.

संक्रांतीपासून आपलं पत्र नाही. हलवा पाठवला त्याची पोच नाही. मी मनाला समजावत होते, हरभऱ्याचे दिवस आहेत, आपल्याला सवड नसेल.

काल सकाळी रेडिओवर नावं आली. बोगद्याच्या कामावरून बद्रीनाथ, औरंगाबादहून मनकर्णा आणि देवगाव रंगारीहून द्वारका. तात्यांनी उठून रेडिओ बंद केला. गाणं सुरूसुद्धा झालं नव्हतं. गुलमंडीवर घरोघर हाच कार्यक्रम लागलेला असतो. दुपारी मैत्रीण शकीला मापाचं ब्लाऊज घेऊन आली, तिनंही चिडवलं, की आता अक्का बाजूला झाल्या वाटतं. तात्या दिवसभर जेवले नाहीत. मुलाला रीतभात राहिली नाही, असं आईला म्हणत होते.

मला तात्यांच्या रागाचं भय वाटत नाही, अक्का. मला दुसरंच भय वाटतं. ते माझ्या नावाला स्वतःचं नाव कधीच चिकटू द्यायचे नाहीत. स्वतःला सगळ्यांच्या मागे उभं करायचे. आणि स्वतःचं नाव शेवटी लिहिणारं माणूस आपल्या घरात अजून एकच आहे, त्या म्हणजे आपण. मोठ्या बहिणीनं भावाला पुढं काढलं आणि स्वतः मागं राहिली. ते कार्ड आपण लिहिलंत.

का लिहिलंत? त्यांना लिहिता येत नाही असं काय झालं? कालपासून मी देवापुढं बसते आणि काय मागावं तेच कळत नाही. ते आहेत ना? एवढ्या तीन शब्दांचं उत्तर उलट टपाली पाठवा. बाकी काही लिहू नका.

आपली,
मनकर्णा

देवगाव रंगारी
२३ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. कां. मनकर्णेस बद्रीनाथचा आशीर्वाद.

मी आहे. तुझं पत्र अक्कानं वाचलं, रडली आणि माझ्या हातात दिलं. तात्यासाहेबांचा दंडक मोडून लिहितो आहे, कारण यानंतर लिहायची वेळ येणार नाही.

संक्रांतीच्या आधी एक सुरुंग उशिरा उडाला. मी बोगद्याच्या तोंडाशी होतो. हातपाय शाबूत आहेत. पण त्याआधीच कमी झालेलं ऐकणं त्या दिवशी संपलं. डॉक्टरांनी पाटीवर लिहून दाखवलं, की परत येणार नाही. बाईंचा आवाज बसला नव्हता, मनकर्णा. इतके महिने मी उगाच त्यांना बोल लावत होतो.

तुला कळवू नको, अशी शपथ मी अक्काला घातली होती. तिनं शपथही पाळली आणि तुझं मन राखायला ते कार्डही धाडलं. तिच्यावर रागावू नकोस. परवा ती पदर झटकत ओरडत होती, चुलीजवळ वासरू आलं होतं, आणि मी तिच्याकडं पाहून मान डोलावत होतो. असल्या माणसाशी तू जन्मभर काय बोलणार?

याच टपालानं तात्यासाहेबांना लिहिलं आहे, की मुलीला मोकळं करावं. ते शहाणे आहेत, करतील. वैशाखातला मुहूर्त वाया जाऊ देऊ नये.

तुझं गाणं मी एकदाच ऐकलं, ते नीट ऐकलं होतं, एवढं समाधान आहे. सुखी राहा.

बद्रीनाथ

गुलमंडी, औरंगाबाद
१ मार्च १९६२

श्री. बद्रीनाथ यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तात्यांना पोचलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मुलगा प्रामाणिक आहे, त्याचं म्हणणं मान्य करावं, असं आईला सांगितलं. दुसरं स्थळ पैठणचं आहे म्हणे. मी आतल्या खोलीत ऐकत होते.

मग मी बाहेर गेले. जन्मात पहिल्यांदा तात्यांपुढं बोलले. मला मोकळं करायला मी काही गहाण पडलेले नाही, असं म्हटलं. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी ठरवलं आणि मला कुणी विचारलंच नाही, असंही म्हटलं. तात्या उठून बाहेर गेले ते दिवेलागणीला परतले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, मी घराला आग लावली. पण काल त्यांनी काळा कोट धोब्याकडून आणवला आणि देवगावच्या मोटारीची वेळ विचारून ठेवली. तुम्हाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होही म्हणणार नाहीत, नाहीही. ते काय ठरवतील मला माहीत नाही. माझं मी ठरवलं आहे.

तुमचा मला राग आला आहे. मी काय बोलणार, याची चिंता तुम्ही केलीत. मला काय हवं, हे विचारलं नाहीत. बहिऱ्या माणसाशी संसार सोपा नसेल, एवढं मलाही कळतं. मी घाबरलेही आहे. घाबरून घाबरून आता दमले.

शनिवारी आम्ही येतो. रविवारी सकाळी अक्कांना रेडिओ लावायला सांगा. तात्या बसलेले असले तरी सांगा. गाणं मी ऐकेन. तुम्ही माझ्याकडे बघा.

लोभ मागत नाही, तो माझाच आहे.

तुमची,
मनकर्णा