शेवटची तीन अक्षरं

जळगाव, शनिवार, १० मार्च १९७९

आज डाळ मिलच्या फाटकावरच्या कामगार सभेत, भाचीच्या पत्रात वाचलेल्या तीन अक्षरांवर टाळ्या घेतल्या. "कॉम्प्युटर येतोय! उद्या तुमचं नाव जाईल, तीन अक्षरं उरतील!" लोक पेटले.

घरी चहा देताना भाची कुसुम म्हणाली (ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, सुट्टीला आली आहे), "मामा, ती अक्षरं माणसांची नाहीत. कॉम्प्युटरमधल्या फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन लिहितो आम्ही. आत मजकूर आहे की प्रोग्रॅम, ते त्यावरून कळतं. पुण्याहून पत्रात सगळं लिहिलं होतं की."

लिहिलं होतं. मी पुढचं वाचलंच नाही. तीन अक्षरं दिसली आणि भाषण सुचलं.

मिलमधले हमाल नाना सोबत आले होते. ते हसले. "मंग ही ते आपली पोतावरनी खूण शे! पोतं सोडाबिगर कळस, तूर शे का हरभरा."

पोतं न उघडताच खुणेवरून आतला माल कळतो, तसंच हे. कपाटभर पुस्तकं माझी, आणि समजलं नानांना.

"उद्या अमळनेरच्या सभेतही हेच बोलणार?" कुसुमनं विचारलं. मी खिशातून भाषणाचं टिपण काढलं.

यंत्राला विरोध आजही आहे. पण त्यासाठी खोटं कशाला? टिपणातलं वाक्य आत्ता खोडलं. खोडलं घरात, टाळ्या मात्र चारचौघांत घेतल्या. अमळनेरची सभा राहू दे. सोमवारी त्याच फाटकावर उभं राहायचं, आणि पोत्यावरची खूण नानांनाच सांगू द्यायची.