सदतीस प्रकारचा कचरा आणि आईची बरणी

ती. फुसाएताईस,
धाकट्या तोकुजीचा वाकून नमस्कार.

इकडे डोंगर तांबडे होऊन आता गळायला लागलेत, वळचणीला मुळे वाळत पडलेत, आणि तुमच्या होक्काइदोत तर दारापुढचा बर्फ ओढणं सुरू झालं असेल. दाजींचा खोकला कसा आहे? तुझं ब्लडप्रेशर? तू पाठवलेला सुका माकुल पोचला. चव अप्रतिम होती (मला दोन तुकडे मिळाले. बाकीचा कुठे गेला याची चौकशी मी केली नाही, कारण या घरात चौकशी करण्याचा अधिकार सध्या मला नाही). माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त रक्त उकळतंय. एकाहत्तराव्या वर्षी थोरल्या बहिणीकडे बायकोची तक्रार घेऊन येणं शोभत नाही हे मला कळतं, पण आई गेल्यापासून ऐकून घेणारं माणूस तूच उरलीस, तेव्हा चहा जवळ घेऊन बस आणि सगळं वाच.

सगळ्याची सुरुवात आमच्या मिहोकोने केली. सप्टेंबरअखेर ओसाकाहून आली ती आठ दिवस राहायला म्हणून, आणि येताना घरातला पसारा कसा काढून टाकावा यावरचं एक पुस्तक घेऊन आली. (तिच्या स्वतःच्या घरात एक मेज आणि दोन खुर्च्या आहेत. आम्ही दोघं गेलो तर एकाने उभ्याने चहा प्यायचा.) पहिल्याच संध्याकाळी तिने आपल्या आईला, म्हणजे ताझुकोला, बसवून सांगितलं, "आई, वर्षभरात ज्या वस्तूची एकदाही आठवण झाली नाही, ती वस्तू आपली नाहीच." मी म्हटलं, "तुलाही वर्षभरात आमची आठवण एकदाच झाली, पितरांच्या सणाला. तू कुणाची म्हणायची?" त्यावर "बाबा, विषय बदलू नका" एवढंच उत्तर. मला वाटलं, ताझुको माझ्या बाजूने बोलेल. चव्वेचाळीस वर्षं टोफूचे रिकामे डबेसुद्धा धुऊन, पुसून, उतरंड लावून ठेवणारी बाई ती! तर ती मान डोलवत होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत तीन ढीग पडले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. माझ्या वस्तू कुठल्या ढिगात होत्या हे सांगायला नकोच. गळाच्या सात काठ्या (त्यातल्या चार मोडक्या, पण चारही वेगवेगळ्या जागी मोडलेल्या, म्हणजे दोन तरी धड निघाल्या असत्या), ठोसा मारल्यावर बोलणारा रेडिओ, आणि निवृत्तीच्या दिवशी पोस्टखात्याने दिलेलं ते घड्याळ, जे पालथं ठेवलं की अजून चालतं.

बरं, टाकायचं म्हटलं तर टाकता येतं का? आमच्या गावात टाकणं ही सोपी गोष्ट राहिलेली नाही. सदतीस प्रकार आहेत, ताई. सदतीस! त्याचा तक्ता स्वयंपाकघरात लावलाय, तो देवाच्या फळीहून मोठा. बाटलीचा पंथ वेगळा, बुचाचा वेगळा, बाटलीवर चिकटवलेल्या कागदाचा आणखी वेगळा. एका मोडक्या छत्रीपायी माझी अख्खी सकाळ गेली. कापड सोडवून जळणाऱ्यात, काड्या धातूत, मूठ प्लॅस्टिकात. काडीने बोट कापलं, त्याला पट्टी बांधली, आणि संध्याकाळी ती रक्ताळलेली पट्टी कुठल्या प्रकारात जाते यावर मायलेकींची अर्धा तास चर्चा झाली. बोट कसं आहे, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

मी अडतीस वर्षं पोस्टात टपाल लावलंय. डॉक्टरांच्या अक्षरातले पत्ते वाचलेत. नुसतं 'डोंगरापलीकडच्या मावशीस' एवढंच लिहिलेलं पत्र त्या मावशीच्या हातात नेऊन दिलंय. त्या माणसाची कचऱ्याची पिशवी लाल चिठ्ठी लावून परत यावी? (आमच्या पिशव्या पारदर्शक असतात आणि वर घराचं पूर्ण नाव लिहावं लागतं, म्हणजे अब्रू जायची ती पत्त्यासकट जाते.) पिशवी परत आणली समोरच्या इवाकिरीबाईंनी. नवरा गेल्यापासून आमच्या गल्लीच्या कचराशेडची व्यवस्था त्यांच्याकडे आहे, आणि मला तर वाटतं नवराही त्यांनी योग्य त्या प्रकारातच पाठवला असेल. सकाळी साडेसातला, पाचसहा बायका जमलेल्या असताना, त्यांनी पिशवी उंच धरली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "अहो कुरामोचीसाहेब, ही कवळी तुमचीच ना?"

मी म्हटलं, जुनी आहे. तार आहे म्हणून धातूत टाकली.

"तार धातूत. दात न जळणाऱ्यात. आणि टाकण्याआधी धुवा हो, शिताचे कण आहेत अजून."

त्या दिवसापासून मी केस कापायलासुद्धा पलीकडच्या गल्लीतून वळसा घेऊन जातो.

पण हे सगळं मी गिळलं असतं. ज्यासाठी हे पत्र लिहितोय ती गोष्ट पुढची. ऑक्टोबरात एके दिवशी (मिहोकोचे आठ दिवस अजून संपले नव्हते) डोळे तपासून घरी आलो, तर स्वयंपाकघरात फरशीच्या कोपऱ्यातली आईची बरणी जाग्यावर नव्हती. लोणच्याच्या कोंड्याची बरणी, ताई! तांदळाचा कोंडा, मीठ आणि आईचा हात. लग्न होऊन आली तेव्हा आजीने दिलेला मूठभर कोंडा तिने त्यात घातला होता, आणि आपण शाळेत नेलेली प्रत्येक काकडी, प्रत्येक मुळा त्याच कोंड्यात मुरलेला. युद्धात गाव सोडावं लागलं तेव्हा तिने तुला पाठीशी बांधलं आणि ही बरणी पोटाशी धरली. (वाटेत तू रडलीस, बरणी रडली नाही, असं ती नेहमी सांगायची आणि तुला राग यायचा.) आई गेल्यावर अकरा वर्षं ताझुको रोज त्यात कोपरापर्यंत हात घालून कोंडा वरखाली करत होती. आणि त्याच ताझुकोने तो कोंडा ओल्या कचऱ्याच्या बादलीत उपडा केला! त्या बादल्यांचं गावात खत होतं. म्हणजे आपल्या आजीचा कोंडा आज कुणाच्या तरी कोबीच्या मुळाशी पडलाय.

"बरणी कुठाय?" मी विचारलं.

"दिली."

"कुणाला?"

"कचरा केंद्रात ठेवली, 'घेऊन जा' फळीवर. ज्याला हवी तो नेईल." ती रताळी सोलत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

मग मात्र मी ओरडलो. वादळात छप्पर उडालं तेव्हा ओरडलो होतो, त्यानंतर आत्ताच. आईच्या आत्म्यापासून सुरुवात केली आणि बायकांच्या डोक्यात नवी पुस्तकं शिरली की काय होतं इथपर्यंत आलो. ताझुकोने चार रताळी सोलली, सालं ओल्या कचऱ्यात टाकली आणि उठून गेली. मी सायकल काढून केंद्रावर गेलो. गावकऱ्यांनी नको असलेल्या वस्तू तिथे ठेवायच्या आणि हव्या असलेल्या न्यायच्या, अशी ती फळी आहे. तिच्यावर एक बाहुली आणि स्कीचा एकच बूट होता. बरणी कुणी नेली याची नोंद नाही. "नेलेल्या वस्तूचा माग काढायचा नसतो, आजोबा," तिथली मुलगी म्हणाली. आजोबा!

चार दिवस मी गावभर हिंडलो. देवळाच्या आवारात पाहिलं, खानावळीच्या मागे पाहिलं, लोकांच्या अंगणांत माना घालून पाहिलं (एका ठिकाणी कुत्रं सोडलं). पाचव्या दिवशी वर्तमानपत्र घ्यायला दारात आलो तर बरणी समोर. इवाकिरीबाईंच्या ओट्यावर. तिच्यात पाणी, पाण्यात शेवाळ आणि शेवाळात अकरा केशरी मासे. आपल्या आईच्या बरणीत!

चपला न घालता मी रस्ता ओलांडला. "ही बरणी माझी आहे," मी म्हटलं.

"होती," बाई म्हणाल्या.

"माझ्या आईची आहे."

"मग फळीवर कशाला ठेवलीत?"

"मी नाही ठेवली. बायकोने ठेवली."

"फळीवर घराचं नाव बघतात, कुरामोचीसाहेब. नवरा-बायकोचं तुम्ही घरात बघा." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, आत जाऊन चपलांचा जोड आणून पुढे ठेवला, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या की थंडीत शेडपाशी उभं राहून त्यांची कंबर धरते. वसंतापर्यंत ती पाळी मी घेतली, तर बरणी माझी. माशांसाठी मात्र दुसरं काहीतरी द्यायचं.

मी माझं तोंड धुवायचं मोठं भांडं दिलं. ('टाकायचं' ढिगात होतंच.) तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता मी दंडाला पिवळी पट्टी बांधून शेडपाशी उभा असतो. आणि ताई, लोक काय काय करतात म्हणून सांगू! बँकेत मॅनेजर राहिलेला माणूस, अंगावर इस्त्रीचा कोट, आणि सॉसची बाटली कागद न काढता टाकतो! शाळामास्तरीण बॅटरीसकट खेळणं टाकते! मी एकालाही सोडत नाही. गेल्या गुरुवारी एका पिशवीत प्लॅस्टिकच्या बुचाला चिकटलेली धातूची कडी दिसली, मी लाल चिठ्ठी लावली आणि मग वरचं नाव वाचलं. कुरामोची. पिशवी घेऊन मी स्वतःच घरी आलो. त्या दिवशी मला सूप गार मिळालं, पण नियम म्हणजे नियम.

तर बरणी परत आली आहे. रिकामी. आता तू थोरली आहेस, ताझुको तुझ्या शब्दाबाहेर नाही. तिला एक कडक पत्र लिही. ब्रशने लिही, निदान दोन पानं, आणि आईचा उल्लेख पहिल्याच ओळीत कर. वन्संचं अक्षर पाहिलं की ती अजून पदर सावरल्यासारखी सरळ बसते.

थंडीत दाजींना बाहेर फार सोडू नकोस. तुम्हा दोघांना माझा नमस्कार, आणि माझ्या बाजूने असणाऱ्या सर्वांना आशीर्वाद (सध्या असं कुणी दिसत नाही).

तुझा,
तोकुजी

ता. क. कडक पत्र लिहायला घेतलं असशील तर थांब. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात पुढे जाईना. ऑगस्टमध्ये ताझुको गुडघ्यासाठी बारा दिवस इस्पितळात होती. जाताना तिने मला एकच काम सांगितलं होतं: उन्हाळा आहे, सकाळ-संध्याकाळ कोंड्यात हात घाल, नाहीतर तो मरेल. पहिल्या दिवशी घातला. मग राहिलं. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा जे दिसलं आणि जो वास आला तो लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. मी वरचा थर काढला, भरपूर मीठ ओतलं, झाकणावर दगड ठेवला आणि ती आल्यावर सांगितलं की सगळं ठीक आहे. त्यानंतर दोन महिने ती रोज त्यात हात घालत होती. ताजा कोंडा घालून बघितला, मोहरी घालून बघितली. मी वर्तमानपत्राच्या आडून पाहत होतो. तो काही परत आला नाही. मी ओरडत होतो तेव्हा मिहोको "बाबा, खरं म्हणजे" असं म्हणायला लागली होती, तर ताझुकोने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केलं. आणि स्वतःही काही बोलली नाही. आजवर बोललेली नाही.

ता. क. दुसरा. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा आईने तुलाही त्यातला मूठभर कोंडा दिला होता. तो जिवंत असेल तर त्यातला थोडा पाठव, म्हणजे मी गुपचूप बरणीत घालीन. पार्सल माझ्या नावाने इथल्या पोस्टात पाठव, घरी नको.

ता. क. तिसरा. हे पत्र टाकायला निघालो तर ताझुकोने आपलंही एक पाकीट हातात दिलं. वर तुझाच पत्ता. काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमचं आपलं." बरणी तिने उन्हात वाळवून कोपऱ्यात जाग्यावर ठेवली आहे आणि सकाळपासून घरात नवा कोंडा भाजल्याचा वास सुटलाय. दोन्ही पत्रांत मागणी एकच निघाली तर दोनदा पाठवू नकोस, एक मूठ पुरे. आणि पार्सल घरीच पाठव. नाव तिचं घाल.