चारशे साठचा गोळा

३ फेब्रुवारी. ४६०.

आजपासून वही. मुकादम पाळी सुरू होताना आकडा तोंडी सांगतो आणि मी विसरलो की कानाखाली! "लिहून देता का?" म्हटलं. "तू वाचणार का?" म्हणाला. सगळे हसले. चौथीपर्यंत शिकलोय, आकडे येतात मला.

माझं काम मशीनवर. वरून मळलेलं पीठ पडतं, मशीन गोळे पाडतं. बाजूला चाक. उजवीकडे फिरवलं की गोळा लहान, डावीकडे फिरवलं की मोठा. ४६० ग्रॅमचा गोळा भाजला की ४०० चा पाव. एवढंच माझं राज्य.

५ फेब्रुवारी. ४६०.

पीठ परत महाग. मालकाचं तोंड करपलेल्या पावासारखं.

७ फेब्रुवारी. ४६०.

सरकारने पावाचा भाव बांधला! रेडिओवर मंत्री काय गरजत होता — "आता एक पैसाही वाढणार नाही!" भाव म्हणजे काय म्हैस आहे? दावं लावलं की गोठ्यात उभी? आणि महागाई कशाने, तर म्हणे व्यापाऱ्यांच्या हावेने. म्हणजे गेल्या वर्षी हाव सुट्टीवर होती काय! पीठ महाग, डिझेल महाग, मीठ महाग, पाव तेवढा स्वस्त. हवा भाजून विकायची का? या शहाण्यांना एक दिवस माझ्या मशीनवर उभं करा.

दादाचा फोन आला. आनंदाने नुसता उड्या मारत होता. दादा मंत्र्याच्या पक्षाचा जुना माणूस, दुकानात नेत्याचा फोटो आईच्या फोटोपेक्षा मोठा. दुकानात पाव आमच्याच कारखान्याचा, गाडी दहा तासांनी तिथे, आमच्या गावी पोचते. मला इथे चिकटवलं तेही त्यानेच.

"बघितलंस? याला म्हणतात सरकार!"

"दादा, पिठाचा भाव कोण बांधणार?"

"तोही बांधतील."

"मग गव्हाचा? मग पावसाचा?"

"गप रे! चौथीत तीन वर्षं बसलास आणि मला अर्थशास्त्र शिकवतोस?"

शिकवतो! क्रेटखाली घालायच्या जुन्या वर्तमानपत्रांत अर्थशास्त्राचं सदर असतं. अक्षर जुळवून जुळवून वाचतो मी. त्याच्या मंत्र्याने तेवढंही केलं नसणार.

१० फेब्रुवारी. ४४५.

मुकादमाने आकडा कानात सांगितला. कानात! "बाहेर बोललास तर पाळी गेली, खोली गेली." खोली कारखान्याची. चार खाटा, सहा माणसं. तरी खोली आहे.

चाक उजवीकडे. भाव जागच्या जागी उभा आणि पाव चालायला लागला! कळवा कुणीतरी मंत्र्याला.

१४ फेब्रुवारी. ४३०.

दादाच्या पक्षाने दक्षता समिती काढलीय. दादा सभासद. काटा घेऊन दुकानोदुकानी फिरतात. आज दोन दुकानदार धरले, पाव हलका निघाला. दादा फोनवर ओरडत होता, "चोर आहेत चोर! कडा कापून विकतात!"

मी विचारलं, "तुझ्या दुकानातला तोललास?"

"माझा कशाला तोलू? माझा पाव तुझ्या कारखान्याचा. तिथे माझा भाऊ उभा आहे."

मला हसू आलं. मग आलं नाही.

विषय बदलायला म्हटलं, आता तुझं सरकार नोटा छापणार म्हणे. "छापू देत! गरिबाच्या हातात पैसा येईल." अरे, मग परीक्षेत सगळ्यांना शंभरपैकी शंभर द्या ना! मीपण डॉक्टर, तूपण डॉक्टर. पोट दुखलं की जायचं कुणाकडे?

भट्टीवाले काका पोट धरधरून हसले. म्हणाले, तू भाषणं करायला हवीस.

१५ फेब्रुवारी. ४३०.

त्या दोघांतला एक म्हणजे गावच्या शाळेजवळचा म्हातारा. मला पेन्सिलीचे तुकडे द्यायचा.

१९ फेब्रुवारी. ४१५.

दादाशी अर्धा तास भांडण. मागणी, पुरवठा, सगळं सांगितलं. भाव बांधला की बनवणारा कुठेतरी काटछाट करणारच, हेही सांगितलं. "पुस्तकी बडबड!" म्हणाला. मी आणि पुस्तकी!

सगळं बोललो. चाकाचं बोललो नाही.

खोली जाईल म्हणून. हे खरं. पण पुरतं खरं नाही. मला जिंकायचंय. एक दिवस त्याच्याच काट्यावर त्याचाच पाव चढावा आणि त्याचं तोंड उतरलेलं दिसावं. लहानपणापासून प्रत्येक वादात तो जिंकलाय. एकदा, एकदाच मला बघायचंय. हे फक्त तुला सांगतोय, वही.

२३ फेब्रुवारी. ४००.

आता नुसता गोळाच चारशेचा. भाजला की ३४८. हातात घेतला की कळतं. कुणालाही कळेल.

दादाला फोन लावला. "समितीच्या बैठकीत आहे, नंतर बोल." नंतर लावला नाही.

२५ फेब्रुवारी. ४००.

वहिनीचा फोन. वहिनी कधी फोन करत नाही.

समितीने ठरवलं, आता सभासदांचीही दुकानं तपासायची. ठरावाला पहिला हात दादाचा. स्वतः क्रेट बाहेर आणला, छाती पुढे काढून पाव काट्यावर ठेवला. ३४८. त्याने काट्याला टिचकी मारली. दुसरा पाव. तिसरा. मग रोज त्याच्याबरोबर फिरणाऱ्यांनीच त्याच्या गळ्यात पाटी घातली, 'पावचोर', आणि भर बाजारातून चौकीपर्यंत नेलं. सगळा रस्ता तो सांगत होता, काटा बिघडलाय, काटा बघा.

"भाऊजी, ते म्हणतात कारखान्यात गडबड होणं शक्यच नाही, धाकटा आहे तिथे. खरं सांगा, होते का हो?"

ऐकू येत नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

ऐकू येत होतं.

२६ फेब्रुवारी. ४००.

कारखान्याने लिहून दिलं — आमचा पाव पूर्ण वजनाचा. दुकानात वाळतो, नाहीतर दुकानदार कापतो. खाली सगळ्या कामगारांच्या सह्या घेतल्या. मुकादम पेन घेऊन समोर उभा. मीपण केली. सही येते मला. चौथीपर्यंत शिकलोय!



२७ फेब्रुवारी. ४००.

परवा सुनावणी. परवाना जाणार आणि सहा महिने आत. दादाकडे पुरावा काय? काही नाही. जगात एकच पुरावा आहे आणि तो माझ्या उशीखाली. तारीख, तारखेसमोर आकडा.

पण आकड्याखाली काय काय लिहिलंय! मंत्र्याला म्हैस बांधायला लावलीय. सरकारची टर उडवलीय. नुसत्या आकड्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून द्याव्यात, तर चिठ्ठ्या काय, कुणीही लिहील. रोजची वही म्हणून दाखवायची तर अख्खी द्यावी लागेल. अख्खी!

आणि एकोणीस तारीख.

काकांना विचारलं, काय करू. "खोली सोडलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. मलाच जागा नाही," म्हणाले. मग खिशातला अर्धा पाव माझ्या हातात ठेवला.

२८ फेब्रुवारी.

मुकादमाने आकडा सांगितला. लिहिला नाही. चाकाला हात लावला नाही. गाडीवाल्याच्या शेजारी बसून निघालोय, मागे क्रेट. अक्षर हलतंय.

१ मार्च. सुनावणीच्या कचेरीचा व्हरांडा.

साहेब, वही आतापर्यंत माझी होती, आता तुमच्या टेबलावर ठेवतोय. आकडे खरे आहेत. चाक मीच फिरवलं. कारखान्याच्या कागदावरची माझी सही खोटी, या पानाखालची खरी. टिंगलीबद्दल काय करायचं ते माझ्यावर करा.

एकच विनंती. एकोणीस तारखेचं पान दादासमोर मोठ्याने वाचू नका. तेवढं मी त्याला तोंडाने सांगेन.