नमुन्यापुरता आईचा फोटो

३ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी! हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी संस्था. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, पंखा कुरकुरतो, पण खिडकीजवळची खुर्ची माझी. संस्थेचं पेज सांभाळायचं, हरवलेल्यांचे फोटो टाकायचे, लोकांना बोलतं करायचं आणि प्रत्येक कमेंटला तासाभरात उत्तर द्यायचं. मॅडमनी एकच ताकीद दिली, घरच्यांचा अर्ज हातात असल्याशिवाय कुणाचाही फोटो चढवायचा नाही. मी मान डोलावली. कागदी घोडे नाचवायची हौस सगळीकडे सारखीच! आई म्हणाली, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालण्याचाही पगार मिळतो म्हणजे कमालच झाली.

६ मार्च
पेजवर नुसता शुकशुकाट. मॅडमना नव्या पोस्टची मांडणी दाखवायची म्हणून नमुन्याला आईचा फोटो काढला. तिनं केस विंचरले, चष्मा काढला. हरवलेली बाई एवढी नटेल का, असं म्हटलं तर पाठीत धपाटा मिळाला. खाली लिहिलं, ‘या बाईंना कुणी पाहिलंय का?’ नुसतं जपून ठेवायचं होतं, घाईत प्रसिद्धच झालं. लक्षात येईपर्यंत चाळीस कमेंट! एवढी वर्दळ बघून काढायला हात धजेना. सगळ्यांना उत्तरं दिली, धन्यवाद, आणखी काही कळलं तर जरूर कळवा.

७ मार्च
लोकही काय एकेक! म्हणे बाई पाण्याच्या टाकीजवळ दिसल्या. म्हणे भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. हुबेहूब आमच्या मातोश्री! चहा पिताना आईला वाचून दाखवलं. ती हसली नाही. बघत राहिली नुसती. पोस्ट काढून टाकली.

८ मार्च
पोस्ट परत आलीय. तीनदा काढली, तीनदा आली. शेवटी मॅडमना सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. किती जणांना उत्तर दिलंस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांना. म्हणाल्या, माणूस हरवलेलं नसलं तरी लोक शोधायला लागले की कुणीतरी सापडतंच. आता एका शब्दानंही उत्तर देऊ नकोस.
आणि भरदुपारी ऑफिसला कुलूप लावून निघून गेल्या.

१० मार्च
आई दोन दिवस मला हाक मारत नाही. कमेंटमध्ये मात्र लिहिलंय, बाई बसथांब्यावर ‘चिमे, चिमे’ करत बसल्यात. मला चिमी फक्त आई म्हणते. हे कुठेही लिहिलेलं नाही. आई तर इथे समोर बसलीय. भिंतीकडे तोंड करून.

११ मार्च
आईला विचारलं, मला तू काय म्हणतेस? खूप वेळ विचार करून म्हणाली, मुलगी.
कमेंटमध्ये आहे — चिमी सायकलवरून पडली, गुडघ्याला पाच टाके, रात्रभर आपणच उशाशी बसलो होतो, असं त्या बाई सांगतायत. इथलीला विचारलं. तिला काहीच आठवत नाही. सगळं तिकडे चाललंय — थोडं थोडं —
मला आईची भीती वाटते. लिहिलं. वाटते.

१२ मार्च, दुपार
तिकडची रडतेय, असं कमेंटमध्ये म्हणतात. चिमीनं टाकलं मला, म्हणतेय. नाही गं आई —
राहवलं नाही. घरचा पत्ता दिला. घेऊन या, लिहिलं. टाकीजवळ, थांब्यावर, बाजारात — कुठली खरी कुणास ठाऊक — ज्यांनी ज्यांनी पाहिलंय त्या सगळ्यांना —

चार वाजता
बेल. तिचाच खोकला. चिमे, दार उघड गं, पाय दुखतायत.
दाराच्या भिंगातून पाहिलं. आई. खरीखुरी. कडीला हात घातला आणि —
तिच्या मागच्या पायरीवरही आई. त्याखाली आई. जिना भरलाय. सगळ्या हाका मारतायत, सगळ्यांचे डोळे रडून सुजलेले — माझी कुठली — देवा, यातली माझी कुठली —

घरातली उठलीय. माझ्या मागे. अंगाला अंग लागतंय. मी नको म्हणतेय, आई नको, तिला ऐकूच — माझ्या खांद्यावरून हात पुढे — कडी का